तिकिटाचे दात



गटाच्या कर्जातून शेळी घ्यायला बाजारात गेलं की विकणारा सांगतो, "ताई, एकदम तरुण आहे, डोळे मिटून घ्या." आपण मान डोलावतो, पण शेळीचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. दोन दाती आहे, चार दाती आहे, की सगळे दात येऊन जुळलेली आहे, ते शेळीचं तोंडच सांगतं. विकणाऱ्याचं तोंड काही का सांगेना.

आज मी अशाच एका दातवाल्या वस्तूबद्दल बोलणार आहे. ती म्हणजे टपालाचं तिकीट. आणि उदाहरण घेणार आहे लांबच्या मेक्सिको देशाचं. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कधी मेक्सिकोचं पत्र आलं नाही, मग हे आम्हाला कशाला? तर त्याला दोन कारणं आहेत. एक, मेक्सिकोच्या सुरुवातीच्या चाळीस वर्षांत बिनदातांची, बारीक दातांची, मोठाल्या दातांची, दोन बाजूंना दोन तऱ्हेच्या दातांची अशी सगळी तिकिटं निघाली. दात मोजायला शिकायचं तर तिथंच शिकावं. दुसरं कारण घरचं आहे. जुनी ट्रंक आवरताना सासऱ्यांनी, आजोबांनी जमवलेली तिकिटांची वही निघते. कुणी म्हणतं, रद्दी आहे, पन्नास रुपयांत देऊन टाका. कुणी म्हणतं, लाखाचा माल आहे, मी विकून देतो, आधी थोडा खर्च द्या. दोन्ही वेळा बोलणारा ठासून बोलतो आणि घरातली बाई गप्प राहते, कारण तिच्या हातात काही पुरावा नसतो. पुरावा तिकिटाच्या कडेला असतो. तो वाचायला एक पट्टी आणि दोन डोळे लागतात.

आधी हे दात आले कुठून ते बघू. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट इंग्लंडमध्ये १८४० साली निघालं. त्याला दात नव्हते. मोठ्या तावावर तिकिटं छापलेली असायची आणि टपाल कचेरीतला कारकून ती कात्रीने कापून द्यायचा. घाईत कात्री वाकडी गेली की शेजारच्या तिकिटाचा तुकडा यायचा. मग हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसाने तावाला रांगेने भोकं पाडणारं यंत्र तयार केलं. सरकारने १८५३ साली ते चार हजार पौंडांना विकत घेतलं आणि १८५४ पासून भोकांची तिकिटं मिळू लागली. भोकांच्या रांगेवर ताव फाडला की अर्धं भोक या तिकिटाला जातं, अर्धं त्या तिकिटाला. दोन भोकांच्या मधला जो कागद पुढे राहतो, तोच दात. आपल्याकडेही १८५४ ची पहिली तिकिटं बिनदातांचीच होती, कात्रीने कापायची.

आता मेक्सिकोला जाऊ. तिथे पहिली तिकिटं १ ऑगस्ट १८५६ रोजी निघाली. त्यांवर मिगेल इदाल्गो यांचं चित्र होतं. हे खेड्यातले पाद्री. त्यांनी १८१० साली स्पेनच्या सत्तेविरुद्ध लोकांना उभं केलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना मृत्युदंड झाला. तिकिटं पाच किमतींची होती, अर्ध्या रियालपासून आठ रियालपर्यंत. आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया होता, तसा तिकडे आठ रियालचा पेसो. या तिकिटांना एकही दात नव्हता. कात्री हाताशी असायचीच, म्हणून लहान किमतीचं तिकीट संपलं की मोठं कापून वापरायचे. चार रियालचं अर्धं केलं की झाले दोन. आठ रियालच्या तिकिटाचा पाव भागसुद्धा दोन रियाल म्हणून पाकिटावर लागलेला आढळतो.

या तिकिटांवर आणखी एक खूण असते. तिकिटं राजधानीहून जिल्ह्याजिल्ह्याला पाठवायची, रस्ते लांबचे, वाटेत लूट होण्याची भीती. कोरं तिकीट म्हणजे रोकडच. म्हणून तिकिटावर त्या त्या टपाल जिल्ह्याचं नाव वेगळं उमटवायचे. नाव नसलेलं तिकीट चोरून काही फायदा नाही, अशी ती व्यवस्था. पुढे नावासोबत पाठवणीचा क्रमांक आणि वर्षही येऊ लागलं. पंचवीसहून जास्त वर्षं ही पद्धत चालली. गटाच्या पासबुकावर शिक्का आणि सही नसेल तर ती नोंद आपण धरत नाही ना? तसंच हे. या नावाच्या शिक्क्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेक्सिकोच्या तिकिटाला पहिल्यांदा दात आले १८६४ साली. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. फ्रान्सचं सैन्य देशात घुसलेलं. त्यांच्या पाठबळावर ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला मॅक्सिमिलियन मेक्सिकोचा सम्राट झाला. लोकांनी निवडलेले अध्यक्ष बेनितो हुआरेस राजधानी सोडून उत्तरेकडे गेले आणि काही महिने साल्तियो आणि मोंतेरे या शहरांतून कारभार बघत होते. या सरकारसाठी न्यू यॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने इदाल्गोंच्या चित्राची नवी तिकिटं छापली. छपाई सुबक, आणि चारी बाजूंना एकसारखे बारीक दात. त्यांचं माप बारा. बारा म्हणजे काय ते लगेच सांगते.

मॅक्सिमिलियनची सत्ता तीन वर्षंच टिकली. १८६७ च्या जून महिन्यात केरेतारो इथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्या गडबडीच्या वर्षी ग्वादालाहारा शहराने स्वतःची गोल तिकिटं काढली. त्यांतल्या काहींच्या कडा करवतीसारख्या कातरलेल्या आहेत. इथे एक फरक समजून घ्या. भोक पाडलं की कागदाची टिकली बाहेर पडते. कातरलं की कागद नुसता चिरला जातो, काही बाहेर पडत नाही. म्हणून कातरलेल्या कडेला गोल खाच दिसत नाही, टोकं दिसतात. डोळ्याला हा फरक एकदा कळला की पुन्हा विसरत नाही.

नंतर १८६८ आणि १८७२ साली निघालेल्या तिकिटांचे दोन्ही प्रकार मिळतात. चित्र तेच, किंमत तीच, पण काहींना दात आहेत, काहींना नाहीत. १८८६ मध्ये मोठ्या आकड्यांची तिकिटं आली आणि १८९५ मध्ये टपाल कसं जातं ते दाखवणारी मालिका आली. त्यात पायी जाणारा पोस्टमन आहे, टपाल लादलेलं खेचर आहे, घोडागाडी आहे, आगगाडी आहे. खेचराच्या चित्रामुळे सगळ्या मालिकेलाच लोक प्रेमाने 'मुलितास' म्हणतात, म्हणजे छोटी खेचरं. या दोन्ही मालिकांत दातांची नुसती जत्रा आहे. एकच चित्र कधी बाराच्या मापाचं, कधी अकराच्या, कधी सहाच्या, कधी साडेपाचच्या. कधी तर एका बाजूला बारा आणि दुसऱ्या बाजूला सहा.

असं का व्हावं? कारण भोकं पाडणारी यंत्रं एकापेक्षा जास्त होती आणि प्रत्येकाच्या सुयांमधलं अंतर वेगळं होतं. एक यंत्र बिघडलं की ताव दुसऱ्यावर जायचा. आडव्या रांगा एका यंत्रावर, उभ्या दुसऱ्यावर, असंही झालं. शिवणयंत्र चालवणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. टाका बारीक ठेवला की कापड वेगळं दिसतं, लांब ठेवला की वेगळं. दोन मशीनवर शिवलेलं झंपर हातात घेतलं की शिवणारणीला बरोबर कळतं, ही बाही इथली नव्हे. काही देशांत तर टंचाईच्या काळात टपाल तिकिटांना चक्क शिवणयंत्राच्या सुईने भोकं पाडल्याची उदाहरणं आहेत.

आता मोजायचं कसं? शिंपी म्हणतो, इंचाला इतके टाके. तिकिटाच्या जगात म्हणतात, दोन सेंटिमीटरला इतकी भोकं. हे माप पॅरिसच्या लेग्रां नावाच्या डॉक्टरांनी १८६६ साली सुचवलं आणि आजही जगभर तेच चालतं. तिकीट लहान असो की मोठं, त्याच्या कडेवर एकूण किती दात आहेत ते विचारायचं नाही. दोन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे वीस मिलिमीटरमध्ये किती, तेवढंच विचारायचं. बाराचं माप म्हणजे वीस मिलिमीटरमध्ये बारा. तिथे एका भोकापासून दुसरं भोक दीड मिलिमीटरहून थोडं जास्त लांब येतं. सहाच्या मापात तेच अंतर दुप्पट होतं, तीन मिलिमीटरच्या वर. तुमच्या लक्षात आलं असेल, आकडा मोठा तर दात बारीक, आकडा लहान तर दात मोठे. सहाच्या मापाची तिकिटं फाडताना जीव जातो, कडा वेड्यावाकड्या होतात. म्हणून मुलितासची पुष्कळ तिकिटं खडबडीत कडांची दिसतात. ते त्यांचं दुखणं नव्हे, ती त्यांची ओळख आहे.

मोजण्यासाठी खास पट्टी मिळते. तिच्यावर वेगवेगळ्या मापांच्या ठिपक्यांच्या रांगा छापलेल्या असतात. तिकीट एकेका रांगेवर ठेवून बघायचं. ज्या रांगेचे ठिपके सगळ्या भोकांत बरोबर बसतील, ते त्याचं माप. पण ती पट्टी नसली तरी अडत नाही. मुलांच्या दप्तरातली मिलिमीटरची पारदर्शक पट्टी घ्या. तिकीट काळ्या कागदावर ठेवा, म्हणजे खाचा स्पष्ट दिसतील. एका खाचेच्या बरोबर मध्यावर पट्टीचा शून्य धरा. तिथून कडेच्या दुसऱ्या टोकाकडच्या एका खाचेच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर झाले ते लिहा. मग मधल्या जागा मोजा. खाचा नाही मोजायच्या, दोन खाचांमधल्या जागा मोजायच्या. शेताच्या कुंपणाला दहा खांब रोवले तर मधल्या जागा नऊच असतात, हे आपल्याला माहीत आहे. नवशिकी बाई इथेच एकाने चुकते.

समजा पंचवीस मिलिमीटरमध्ये पंधरा जागा भरल्या. पंधराला विसाने गुणा, तीनशे. तीनशेला पंचविसाने भागा, बारा. झालं, तुमचं तिकीट बाराच्या मापाचं. आधी वरची किंवा खालची आडवी बाजू मोजायची, मग उभी बाजू. दोन्ही वेगळी आली तर तशी लिहायची, आधी आडवी, मग उभी. दोन-तीनदा मोजून तोच आकडा आला की वहीत नोंद करा.

मैत्रिणींनो, एवढं मोजून काय साधतं? तर खोटेपणा उघडा पडतो. दात असलेलं आणि नसलेलं तिकीट एकाच चित्राचं असलं तरी बाजारात त्यांची किंमत सारखी नसते. जिथे किमतीत फरक, तिथे कात्री चालवणारे हात आलेच. कुणी दातांच्या तिकिटाचे दात कापून ते बिनदातांचं म्हणून विकतो. कुणी बिनदातांच्या तिकिटाला घरी भोकं पाडून दातांचं म्हणून विकतो.

पहिला डाव ओळखायचा तो समासावरून. अस्सल बिनदातांच्या तिकिटाला चारही बाजूंना चित्राबाहेर मोकळा कागद राहतो. दात कापलेलं तिकीट मात्र आखूड पडतं, कड चित्राला जवळजवळ टेकते. म्हणून जाणकार एकट्या तिकिटापेक्षा न कापलेली जोडी मागतात. दोन तिकिटं एकमेकांना चिकटलेली आणि मधे एकही भोक नाही, म्हणजे शंकाच मिटली.

दुसरा डाव ओळखायचा तो मोजून. त्या मालिकेला जे माप असायला हवं ते येतं का? समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या येतात का? तीन बाजू बारा आणि चौथी साडेअकरा आली, तर त्या चौथ्या बाजूचं काय झालं ते विचारा. कदाचित ती तावाच्या काठाची सरळ बाजू असेल आणि कुणी तिला मागाहून दात बसवले असतील. भिंगातून भोकाची कड बघा. जुन्या यंत्राची भोकं जरा ओबडधोबड, फाडलेल्या दातांच्या टोकाला कागदाचे तंतू सुटलेले. नंतर पाडलेली भोकं पुष्कळदा फारच गोल आणि टोकं फारच साफ असतात. शंभर-सव्वाशे वर्षांच्या म्हातारीचे दात पांढरेशुभ्र आणि एका ओळीत दिसले तर ते कवळीचे असणार, एवढं आपल्यालाही कळतं.

पण नुसत्या दातांवर सगळं सोडू नका. इथे ती साल्तियो आणि मोंतेरेची गोष्ट परत येते. १८६४ च्या त्या सुबक तिकिटांपैकी फार थोडी खरोखर वापरली गेली, आणि त्यांवर साल्तियो किंवा मोंतेरे हे नाव उमटवलेलं असतं. तीच तिकिटं १८६७ मध्ये पांढऱ्या कागदावर पुन्हा छापली गेली. या दुसऱ्या छपाईचेही दात बाराच. चित्र तेच, माप तेच. मग कुणीतरी या स्वस्त पांढऱ्या तिकिटांवर साल्तियोचं, मोंतेरेचं नाव उमटवून ती महाग तिकिटं म्हणून विकली. इथे पट्टी तुम्हाला वाचवणार नाही. इथे कागदाचा रंग बघायचा. पहिल्या छपाईचा कागद जरा पिवळसर आहे. नाव साल्तियोचं आणि कागद पांढराशुभ्र, म्हणजे शिक्का खोटा. सांगायचं एवढंच की माप हा एक साक्षीदार आहे. कागद, छपाई आणि शिक्का हे बाकीचे. सगळ्या साक्षी जुळल्या तरच विश्वास ठेवायचा.

मापालाही मर्यादा असते. कागद ओला होऊन वाळला की थोडा आकसतो आणि भोकं जवळ येतात. म्हणून बाराच्या जागी पावणेबारा-सव्वाबारा आलं तर लगेच नवा शोध लागला असं समजू नये. बारा आणि सहा यांतला फरक मात्र कुठल्याही पाण्याने होत नाही.

आता घरात जुनी तिकिटं निघाली तर काय करायचं, काय नाही, ते थोडक्यात सांगते. पाकिटावरचं तिकीट उपटू नका. जुन्या पाकिटावर तारखेच्या शिक्क्यासकट असलेलं तिकीट कधी कधी सुट्या तिकिटापेक्षा मोलाचं ठरतं. डिंक, चिकटपट्टी, थुंकी यांतलं काही लावू नका. "स्वच्छ दिसू दे" म्हणून धुऊ नका आणि कडा कात्रीने सारख्या करू नका. एक दात तुटला तरी किंमत उतरते. ओलसर हाताने धरू नका, चिमटा असेल तर चिमट्याने धरा. पावसाळ्यात वही जमिनीवर ठेवू नका.

कुणी मोबाइलवर फोटो मागितला तर तिकिटाशेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवूनच फोटो काढा. आणि कुणी तुम्हाला महागाचं तिकीट विकत असेल तर त्याच्याकडूनही पट्टीसकट फोटो मागा. पट्टी ठेवायला नाही म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. वही कुणाच्या हातात देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, किती तिकिटं आहेत ते मोजून लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. किंमत एकाच माणसाला विचारू नका, निदान दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. आणि विकून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरं सांगायचं तर बहुतेक घरांतल्या वह्यांत मोठी दौलत निघत नाही. साधी, हजारोंनी छापलेली तिकिटं निघतात. तेही कळून घेतलेलं बरं. लाखाच्या आशेवर कुणाला दोन हजार देऊन बसण्यापेक्षा आपलं तिकीट साधं आहे हे आपणच मोजून ओळखणं केव्हाही चांगलं.

येत्या बैठकीत एक करून बघा. टपाल तिकीट मिळालं नाही तर कर्जाच्या पावतीवर लावतो ते एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आहेच. त्यालाही दात असतात. भारताची टपाल तिकिटं १९२६ पासून आपल्याच नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. त्यांचं माप पुष्कळदा तेरा-चौदाच्या आसपास येतं. राखीच्या पाकिटावरचं एखादं सापडलं तर तेही घ्या. प्रत्येकीने एकदा मोजा, आकडा कुणाला न सांगता आपापल्या वहीत लिहा आणि मग वह्या जुळवून बघा. पाच जणींचा आकडा एक आला तर समजा, तुमचा हात बसला. एकीचा वेगळा आला तर तिला गप्प बसवू नका. तिच्यासोबत पुन्हा मोजा. कुणास ठाऊक, तिचंच बरोबर असेल.